पिंपळीचं देणं

आमच्या वाडीत पोफळींच्या पायाशी आज जी पिंपळी पसरली आहे, तिची एकही कांडी विकतची नाही. सगळा वेल गडग्यापलीकडच्या काकींनी दिला. नात्यानं त्या आमच्या कुणी लागत नाहीत. गाव त्यांना काकी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांचं नाव छापायला त्यांच्या घरच्यांची ना आहे, तेव्हा ते इथे लिहीत नाही. आमच्या घरात मात्र लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक आहे.

यजमान निवृत्त झाले आणि आम्ही डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याला, सासरच्या जुन्या घरात राहायला आलो. घराखाली उताराची वाडी. पोफळी, माड, मधूनमधून जायफळ, दोन जुने फणस, वरच्या अंगाला झरा आणि त्याचं पाटाचं पाणी. आमच्या गैरहजेरीत ती वाडी बरीच वर्षं एकाकडे कसायला होती. माणूस कष्टाळू होता, पण त्याला जमीन 'साफ' लागायची. पडलेल्या विऱ्या, चुडतं, पालापाचोळा सगळं खराट्यानं गोळा करून तो जाळायचा, आणि पावसाळ्यात जे काही हिरवं उगवेल त्यावर तणनाशक मारायचा. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाडी झाडलेल्या अंगणासारखी दिसे आणि लोक तिची तारीफ करत. पोफळींची मुळं मात्र बुंध्याभोवती वीतभर उघडी पडली होती, आणि खालच्या चौकातली झाडं माना टाकायला लागली होती. पाणी भरपूर होतं, शेणखत पडत होतं, तरी झाडं का खंगतात ते आम्हा दोघांनाही कळेना.

काकी आल्या त्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी. आमच्या घरी कोण राहायला आलंय ते बघावं, एवढ्यासाठीच आल्या असतील. हातात कोयती, डोक्यावर इरलं नाही, छत्री नाही, टॉवेल तेवढा. चहाआधीच वाडीत उतरल्या आणि एका पोफळीखाली उकिडव्या बसून मला जवळ बोलावलं.

"ह्या बघ बाय. खडो रवलो, माती गेली."

मी वाकले. जांभ्याचे बारीक खडे जमिनीवर नुसते पडलेले नव्हते. प्रत्येक खडा मातीच्या एकेका बारक्या खांबावर उभा होता. बोटाच्या पेरापेक्षाही कमी उंचीचे ते खांब. खड्याखालची तेवढी माती वाचली होती, भोवतालची सगळी पावसानं उडवून पाटात नेली होती. काकींनी एक खडा उचलून बाजूला ठेवला, खालच्या खांबावर ओंजळीतलं पाणी उंचावरून सोडलं, आणि तो खांब माझ्यादेखत मोडून पडला. नुसत्या डोळ्यांनी माती जाताना मी प्रथमच बघत होते.

"झाड उंच असला म्हणान माती रवता असा नाय," त्या म्हणाल्या. "माती धरूक खाली कोणतरी व्हयो."

पुढे वाचनात हेच नीट उलगडलं. डोक्यावर झाडं असली की जमिनीवर पाऊस हळू पडतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पानांवर पाणी साठून थेंब मोठा होतो, टोकावरून सुटतो, आणि आठ-दहा मीटर खाली येईपर्यंत त्याला जवळजवळ पूर्ण वेग येतो. पोफळ तर याहून उंच. म्हणजे उंच झाडाखालच्या उघड्या जमिनीवर पडणारा थेंब आभाळातून सुटलेल्या कित्येक थेंबांपेक्षा जड असतो. रानात हा मार जमिनीपर्यंत पोचत नाही, कारण मोठ्या झाडांखाली छोटी झाडं, त्यांच्याखाली झुडपं, त्यांच्याखाली नेचे, रानहळद, वेल आणि सगळ्यांत खाली पाचोळ्याचा थर असतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर आंबोलीला तर त्याच्या दुपटीच्या आसपास. तरी तिथल्या ओढ्यांचं पाणी दाट रानातून येतं तेव्हा नितळ असतं. आमच्या पाटाचं पाणी लाल होतं. आमच्या वाडीत वरची सगळी माणसं होती, खालचं कुणीच नव्हतं.

काकींनी पहिला हुकूम दिला तो जाळणं थांबवण्याचा. दुसरा, पिंपळी लावण्याचा.

मला पिंपळी ठाऊक होती ती डब्यातली. काढ्यात पडणारी, मधातून चाटवायची, सुंठ-मिऱ्यांबरोबर त्रिकटूत येणारी. मुलीच्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांत गंठोडा घातला तेव्हा ते पिंपळीचंच मूळ असतं, हेसुद्धा मला माहीत होतं. पण तो वेल आपल्याच घाटाच्या ओलसर सावलीत, ओढ्याकाठच्या सदाहरित रानात आपोआप वाढतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि जमिनीला धरून पसरतो, हे काकींच्या परड्यात गेल्यावर पाहिलं. मिरी आणि विड्याचं पान यांच्याच कुळातली ही वनस्पती. मिरी मिळेल त्या खोडावर चढते. पिंपळीचा ओढा जमिनीकडे. तिचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की तिथे मुळं सुटतात, आणि तिथून नवी फांदी निघते. खालची पानं लांब देठांची, हृदयाच्या आकाराची. वर उभ्या राहणाऱ्या फळफांद्यांची पानं मात्र जवळजवळ बिनदेठाची, काडीला मिठी मारल्यागत. एकाच वेलावर दोन तऱ्हांची पानं बघून मला आधी वाटलं होतं की हे दोन वेल एकमेकांत गुंतलेत.

काकींचं माहेर गोव्यातलं, सत्तरीतलं. तिथे त्यांच्या वडिलांचं कुळागर होतं. डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या पाण्यावर पोसलेली ती बाग, वर माड-पोफळी, मध्ये केळी-जायफळ, पोफळींवर मिरी आणि तळाला पिंपळी, असं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. लग्न होऊन इकडे येताना त्यांच्या आईनं ओल्या केळपानात बांधून ज्या कांड्या दिल्या, त्यांचा हा विस्तार. बागायतीच्या शास्त्रातही हीच विचारसरणी आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं 'लाखी बाग' म्हणून जी पद्धत कोकणभर नेली, तिच्यात नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस असे मजले रचलेले आहेत. मी ती पद्धत वाचली, आवडलीही. पण काकींचा भर तळमजल्यावर होता, आणि माझ्या मते बागायतदार नेमके तिथेच कमी पडतात. वरच्या मजल्यांचं उत्पन्न दिसतं. तळमजल्यानं वाचवलेली माती कुणी वजनकाट्यावर घालत नाही.

लागवड त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली. आधी वेल निवडायचा. पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. नराचा तुरा लांब, सडपातळ. मादीचा आखूड आणि जाड. फळ मादीलाच धरतं, म्हणून कांड्या मादीच्या घ्यायच्या. वेल फार कोवळा नको, फार जूनही नको. तीन ते पाच पेरांचा तुकडा, दोन पेरं मातीत, बाकीची वर. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्यांत रुजवून मृगात लावल्या तर उत्तम, नाहीतर पाऊस लागल्याबरोबर थेट जमिनीत, एका ठिकाणी दोन-दोन. दोन रोपांत दोन फुटांचं अंतर. शेणखत चांगलं कुजलेलं. आणि पाणी कुठेही साचता कामा नये, नाहीतर पानं काळी पडून वेल मुळाशी कुजतो; म्हणून काकींनी आमच्याकडून आधी चर साफ करून घेतले आणि मगच कांडीला हात लावू दिला.

त्यांचं बोट मातीत जायचं ते मी अजून विसरले नाही. कुदळ-खुरपं काही नाही. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची, किंचित फिरवायची, भोकात कांडी तिरपी सोडायची, आणि अंगठ्यानं बाजूची माती दाबताना कांडी हळूच वर ओढून बघायची. हाताला आली तर परत लावायची. नाही आली तर त्यावर फणसाची दोन-तीन सुकी पानं पालथी ठेवायची आणि पुढे सरकायचं. या पानांवर त्यांचा मोठा विश्वास. वेल जमीन झाकेपर्यंत पाचोळा ते काम करतो, असं त्या सांगत. ज्या पाचोळ्याची आमच्याकडे होळी व्हायची तोच आता शिपाईगिरी करू लागला.

मी पैशांचा विषय काढला. त्यांच्या परड्यातला जवळजवळ अर्धा वेल आमच्याकडे आला होता, आणि माणसं लावून तोडणीची मजुरीसुद्धा त्यांनीच दिली होती. काकी रागावल्या नाहीत, पण सरळ नाही म्हणाल्या. "पैशे दिलंस तर वेल लागाचो नाय."

त्या नकाराची किंमत मला पुढे एका पुस्तकातून समजली. पहिल्या शतकातल्या रोममध्ये प्लिनीनं मसाल्यांचे भाव लिहून ठेवले आहेत. काळी मिरी पौंडाला ४ दिनार, पांढरी ७, आणि आपली लांब मिरी, म्हणजे पिंपळी, १५. पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतली मिरची आपल्याकडे आली, तोपर्यंत आपल्या स्वयंपाकातलं तिखट म्हणजे मुख्यतः मिरी आणि पिंपळी. जिच्यासाठी परदेशी बाजारात मिऱ्याच्या जवळजवळ चौपट मोल मोजलं जाई, ती काकींनी गोणपाटात बांधून गडग्यावरून अलीकडे दिली होती.

पहिल्या पावसाळ्यात वेलानं फार काही दाखवलं नाही. कांड्या जगल्या, चार पानं फुटली. खरी परीक्षा उन्हाळ्यात. पिंपळी सावलीतली असली तरी तहानेली आहे. घाटाच्या रानात ती ओढ्याकाठी असते ती उगीच नव्हे. पोफळींना शिंपणं चालूच असतं, त्याच पाण्यात तिचं भागतं, पण वर पाचोळ्याची जाड गादी लागते. तशात मुळांना पिठ्या ढेकूण लागतो. वेल पिवळा दिसू लागला की माती उकरून बघावं लागतं. आमच्या फणसाखालच्या गच्च काळोखात ती पसरली छान, पण तुरे नावाला आले. पोफळींखाली, जिथे दिवसभर कवडसे फिरतात, तिथे ती फळलीही आणि पसरलीही. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस वरच्या दोन्ही चौकांत माती दिसेनाशी झाली. पाटाचं पाणी एकदम नितळ झालं असं मी म्हणणार नाही, पण लाल होतं ते गढूळ झालं आणि पुढे गढूळही फक्त मोठ्या सरीनंतरच. पोफळींच्या उघड्या मुळांवर पाचोळ्याची काळी माती चढली. त्या मातीत गांडुळं आली, बेडूक आले, आणि त्यांच्या मागे धामण.

थंडीत फळं तयार होतात. तुतीच्या फळासारखी दिसणारी, इंच-सव्वा इंचाची, काळपट हिरवी झाली की पिकायच्या आत खुडायची; पिकली की तिचा तिखटपणा उतरतो. सुपात पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची. ओली टोपलीभर असेल तर वाळून ओंजळी-दोन ओंजळीच उरते. दाताखाली धरली की आधी गोडसर लागते, मग जिभेला मुंग्या येतात आणि तिखट घशात उतरतं. काकींनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की घरची आहे म्हणून रोज खायची नाही. चरकसंहितेत पिंपळीचं वर्धमान रसायन आहे, रोज दहा-दहा वाढवत शंभरापर्यंत नेऊन तसंच उतरत यायचं. आणि त्याच ग्रंथात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिरेक करू नये असंही सांगितलेलं आहे. काकींनी चरक वाचलेला नाही. त्यांच्या आईनं सांगितलं, तेवढं त्यांना पुरतं.

बाजाराला फळाइतकंच मूळही हवं असतं. तीन वर्षांनी वेलाचं फळ कमी होतं, मग तो खणून मुळं आणि खालची जाड खोडं सुकवून विकायची, ही शेतीतली रीत. एका व्यापाऱ्यानं तसा निरोप पाठवला होता, भावही बरा होता. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मूळ काढूक लागलंस तर परत खडे उभे रवतले." त्यांच्याकडे मूळ खणत नाहीत. जिथे वेल विरळ होतो तिथे शेजारचीच लांब फांदी वाकवून पेरावर माती ओढतात; ती रुजली की जुना वेल आपोआप मातीत मिसळतो. आम्हीही तेच करतो. पिंपळीचं पीक घेणाऱ्यानं मूळ अवश्य विकावं. ज्याला जमीन झाकायची आहे त्यानं मात्र कुदळ लांबच ठेवावी.

आजकाल रोपवाटिकेत जाऊन सावलीत जमीन झाकणारं काही मागितलं, की पिवळ्या फुलांचा वेडेलिया हातात देतात. लवकर पसरतो, स्वस्त मिळतो, फुलं बारमाही. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कोकणात, गोव्यात ओढ्यांच्या काठानं तो कसा पसरत चाललाय ते कुणीही बघावं. एकदा तो गडग्याबाहेर पडला की रानहळदीला, नेच्यांना, ब्राह्मीला जागा उरत नाही. ज्या घाटानं आपल्याला पिंपळी दिली त्या घाटाच्या पायाशी आपण हा लावतो, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या ओळखीच्या दोघातिघांनी तो काढून टाकला आणि पिंपळी लावली. त्यासाठी मी त्यांच्या दारी जाऊन बसले होते, हेही सांगून टाकते.

माझ्यावरच्या ऋणाचा विचार करताना मला एक जुनं पान आठवतं. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड यानं करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. पिंपळीही त्यात आहे. पण ती ओळखली कुणी? इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यानं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. त्या तिघांचं १६७५ सालचं निवेदन नागरी लिपीत, कोकणी भाषेत पहिल्याच खंडात छापलेलं आहे. झाडं ज्यांनी दाखवली त्यांची नावं त्या परक्या माणसानं ग्रंथाच्या सुरुवातीला ठेवली, म्हणून आज ती आपल्याला कळतात. काकींच्या आईचं, सासूचं, कुळागरात पिंपळी लावत आलेल्या त्यांच्या घरच्या साऱ्या बायकांचं नाव मात्र कुठल्याच ग्रंथात नाही. मी हे लिहायला बसले ते त्यासाठी.

काकी आता म्हापशाला लेकीकडे असतात. गुडघे साथ देत नाहीत, उतार चढवत नाही. त्यांचं परडं आम्हीच बघतो, आणि त्याचं फळ वाळवून त्यांच्याकडे पोचवतो. त्याला परतफेड म्हणायचं धाडस मी करणार नाही. जूनमध्ये त्यांचा फोन येतो. तब्येतीचं काही सांगायच्या आधी विचारतात, "पाऊस लागलो? खडे बघलंस?" मग मी छत्री घेऊन खाली उतरते आणि खालच्या चौकातल्या खड्यांजवळ बसून त्यांना खरं काय ते सांगते. खालचा तिसरा चौक अजून पुरता झाकलेला नाही. तिथे खडे उभे राहतात. यंदा तिथेच कांड्या घालायच्या आहेत.

तुमच्या आंब्याफणसाखाली, घराच्या मागच्या सावलीत, सोसायटीच्या झाडांखाली माती उघडी असेल आणि तिथे उन्हाळ्यातही पाणी मिळत असेल, तर गावात कुणाकडे पिंपळी आहे का ते आधी विचारा. कोकणात आणि गोव्यात जुन्या बागायतीत ती अजून सापडते. रानातून मुळासकट उपटून आणू नका. मादी वेल बघून, तीन-चार पेरांच्या कांड्या मागून घ्या, देणाऱ्यानं पैसे नाकारले तर आग्रह धरू नका, आणि त्याचं नाव घरातल्या मुलांना सांगून ठेवा. कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणाव्या आणि त्याच दिवशी मातीत घालाव्या.